तिसरी छटा

चकती काठानं धर, जेर्नेय.
बोटाचा ठसा म्हणजे तिच्या लेखी
नकाशात नसलेलं एक गाव.

भिंगाखाली बघ: एकात एक पाच वर्तुळं,
काचेवर चढवलेला क्रोम,
कुठे पुरता काळा, कुठे नावालाही नाही,
आणि कुठे हे असं
धड ना काळं, धड ना काच,
दुधात पाणी किती ते ओळखणाऱ्या नजरेलाच दिसावं असं.
या तिसऱ्या छटेचा पगार घेतेय मी
एकोणीस वर्षं.

दोनच छटा असत्या तर पाच पट्ट्यांत
बत्तीस जागा मावल्या असत्या.
तीन छटांत दोनशे त्रेचाळीस.
हवा तर हिशेब कर, त्या पुठ्ठ्यावर कर,
मी कॉफी ठेवते.

गेल्या जानेवारीत पाऊस पडता पडता गोठला,
तारा इद्रीयत्सा नदीवर लोंबल्या,
दोन दिवस सगळं खोरं काळोखात.
वीज आली तेव्हा जुनी यंत्रं
शून्य शोधायला निघाली, चाचपडत, ठेचकाळत,
आधी घरी जाऊन यायचं आणि मगच कामाला लागायचं.
चार नंबरच्या टेबलावरचा हात मात्र
केसभरही हलला नाही.
म्हणाला: एकशे सत्त्याऐंशी.
कुणीतरी हाक मारावी
आणि पडल्या पडल्याच ओ द्यावी, तसं.

माझा बाप खाणीवर पिंजरा चालवायचा.
दोरावर पांढऱ्या रंगाच्या खुणा, तोंडानं मोजणी.
मधेच कुणी हटकलं, आकडा निसटला,
की पिंजरा थेट वर, उजेडात,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
खाली माणसं घंटा वाजवत राहायची.

आई लेस विणायची.
लाकडी फिरक्यांचा आवाज टिकटिक टिकटिक,
कुठे दाट वीण, कुठे अर्धी, कुठे नुसतं भोक.
मोज की. तीनच.
आमच्या घरात हे आधीपासून होतं,
फक्त कुणी दिवा मागे धरला नव्हता.

आता नियम ऐक, हा एकच पाठ कर:
एका पावलात एकाच पट्टीनं बदलायचं,
आणि तेही एकाच छटेनं.
दोन पट्ट्या एकदम बदलल्या
तर शिवेवर एक डोळा नवं वाचतो, दुसरा अजून जुनंच,
आणि त्या क्षणापुरती तू
जिथे कधीच नव्हतास तिथे असतोस.

मला विचार.
सत्तावीस वर्षांची असताना एका आठवड्यात
नोकरी सोडली, रादिवोयला सोडलं,
ग्राझला गेले, जर्मन बोलू लागले, केस कापले.
आईला वाटलं मी संपले.
बापाला वाटलं मी सुखात आहे.
दोघांचंही वाचन चुकलं,
आणि दुरुस्त करायला मी
सहा वर्षं पत्र घातलं नाही.

नाही, रडत नाहीये. वाफ आहे कॉफीची.

आणखी एक. हे पुस्तिकेत सापडणार नाही.
दिवा म्हातारा होतो.
हळूहळू, कुणाला न सांगता मंदावतो.
काळ्या-पांढऱ्याला त्याचं काही नसतं,
त्यांचं भांडण ठरलेलं.
मरते ती मधली.
म्हणून रोज सकाळी आधी दिव्याला विचारायचं,
कसा आहेस,
मग चकतीला.

आणि माझा उजवा डोळा
गणेशोत्सवातल्या... नाही, तुला काय सांगू,
धुक्यातल्या खिडकीसारखा झालाय.
पहिली छटा आणि तिसरी
आता मला बहिणी वाटतात.
वरच्या मजल्यावर अजून सांगितलेलं नाही.
तूही सांगू नकोस, निदान ईस्टरपर्यंत.

फिरव. सावकाश.
थांब.
कुठे आहोत आपण?
मोठ्यानं वाच.